शिडाची बुजवलेली भोकं

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तीन महिने वहीकडे फिरकलो नाही, चुकलंच माझं. आज मात्र लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

नीलेशच्या आणि माझ्या होडीसाठी आणलेलं जुनं शीड लांबीला जास्त होतं, म्हणून चाकणला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या रहीमभाईंकडे कापायला दिलं. संध्याकाळी कंपनीतून परस्पर आणायला गेलो. लांबी अचूक, पण मधली भोकांची ओळच गायब!

"साहेब, सोळा भोकं होती. सगळी बुजवली, डबल शिलाई मारून. आता थेंब आत येणार न्हाई!"

वारा वाढला की त्याच भोकांतून दोऱ्या ओवून शीड लहान करायचं असतं, नाहीतर होडी उलटायची भीती. हे मी आधीच सांगायला हवं होतं. आजही नाही सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मोडवेना. "झकास झालं," म्हणालो.

ते एक वेळ ठीक. पण लगेच नीलेशचा फोन आला. "राव, शीड तयार ना? उद्या न्यायला येतो. रविवारी वडिलांना समुद्रात नेतोय." आणि मी "हो" म्हणालो! हलगर्जीपणा कबूल करायची लाज, दुसरं काय? ती भोकं नसताना, म्हातारा माणूस होडीत असताना वारा सुटला तर?

उद्या: नीलेश शीड न्यायला यायच्या आत त्याला फोन करून खरं सांगणे.