म्हसोबाच्या मैदानाचं नवं नाव

लालबाग, १९५८

२ फेब्रुवारी, रविवार. आजपासून डोळे उघडे ठेवायचे. हुतुतू संघाचा सेक्रेटरी मी आहे. वज्रकांती बामवाले म्हसोबाच्या मैदानाला कुंपण घालून देणार, बदल्यात मैदानाला नाव त्यांचं. कॅप्टन धोंडू म्हणाला, मी बघतो. फार शांतपणे म्हणाला.

४ फेब्रुवारी. मिलमध्ये सिक लीव्ह टाकली. बामवाल्यांच्या गिरगावातल्या ऑफिसात धोंडूला शिरताना पाहिलं. पाऊण तास आत. नोकरी ठरवत असणार.

५ फेब्रुवारी. बायकोला सांगितलं. शेवंती म्हणाली, अहो, त्यालाच विचारा की. भाबडी आहे. विचारलं की माणूस सावध होतो.

९ फेब्रुवारी, रविवार. प्लॅन पक्का. महाराष्ट्रासाठी अख्खी मुंबई रस्त्यावर उतरते, मैदानासाठी दोनशे माणूस सहज येईल. मोर्चा बुधवारी.

१२ फेब्रुवारी. चौघे आले. त्यातले दोघे संयुक्त महाराष्ट्र समितीचा मोर्चा समजून. मीच मोर्चा रद्द केला. धोंडूला सुगावा लागला नाही, हे बरं झालं.

१६ फेब्रुवारी, रविवार. मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत विचारलं, कंपनीत किती वेळा गेलास? तीनदा, म्हणाला. कशाला? तर म्हणे, "पंधरा वर्षं हातात हात धरून खेळलो रे. हे चारचौघांत विचारतोस?" राजीनामा लिहून निघून गेला. चोर पकडला. मग जेवण गेलं नाही. वांगं कडू असावं.

१९ फेब्रुवारी. कंपनीचे राजाराम नाईक आले. म्हणाले, तुमच्या कॅप्टनने भांडून भांडून म्हसोबाचं नाव राखलं होतं. आमची पाटी फक्त कुंपणावर. बदल्यात बामच्या जाहिरातीत स्वतःचा फोटो द्यायला तयार झाला होता. आता तोच संघात नाही, तेव्हा ठरलेलं रद्द. मैदानाला कंपनीचंच नाव, कमिटीने मान्य केलं. एकट्याने विरोध करून काय होणार? पहिली सही माझी.

२३ फेब्रुवारी. धोंडूच्या चाळीपर्यंत गेलो. जिन्यावरून परत आलो. गुडघा दुखत होता.

२ मार्च, रविवार. वज्रकांती क्रीडांगणाचं उद्घाटन. लाउडस्पीकरवर नाव मलाच पुकारावं लागलं, चार वेळा. धोंडू परळच्या संघातून खेळला. आम्ही हरलो. सामना संपल्यावर त्याच्याजवळ गेलो. माफीची दोन वाक्यं पाठ केली होती. त्याने टॉवेलने मान पुसली. म्हणाला, "आवाज स्वच्छ येत होता, सेक्रेटरीसाहेब."

आजवर तो मला दत्त्या म्हणायचा.