मोटारीच्या क्लचले जवसाचं तेल

१२ एप्रिल १९५७, आसेगाव
मोटार आली. कारंज्याच्या जिनवाल्याची जुनी, पण रुबाब पाहा. रंगूची लग्नानंतरची पहिली अखजी, अक्षय तृतीयेचं माहेरपण. व्याह्यांची अट: बापानं स्वतः न्यायले यावं, नाई तं पोरगी धाडणार नाई. वाशिमले निरोप देला, मोटार घेऊन येतो. सोजर म्हणे, आपली बैलांची धमनी काय वाईट आहे? बायकोले प्रोग्रेस समजत नाई.

१५ एप्रिल
क्लचचं पेडल ढिलं. या मोटारीचा क्लच तेलावर चालते. अकोल्याहून खास डबा आणवला. बोटात चोळून पाह्यलं. निव्वळ पाणी! दुकानदारानं खेडूत समजून गंडवलं.

१६ एप्रिल, सकाळ
डोकं चालवलं. बैल बसला की आमी त्याले जवसाचं तेल पाजतो. उठून उभा राह्यते. मोटार म्हणजे काय, लोखंडाचा बैल. घाण्याचं ताजं तेल फडक्यातून गाळून भरलं. साळा उकंडराव म्हणे, भाटवे, डब्यावर काय लिवलं ते तं वाचा. म्हटलं, डबा इंग्लिश आहे, मोटार आसेगावची आहे.

संध्याकाळ
पेडल लोण्यावाणी. वेशीपर्यंत चक्कर मारली.

२४ एप्रिल
पेडल सावकाश वर येते. घाई नाई, चांगलंच आहे. तेल मानवून राह्यलं. थोडं अजून पाजलं.

२९ एप्रिल
पेडल चिकट. रस्त्यावर गेलं की मोकळं होईल. उकंडराव म्हणे, धमनी तयार ठेवू का? त्याले तंबी देली, वाशिमच्या रस्त्यावर धमनी दिसली तं याद राख. माझी इज्जत आहे.

१ मे, दुपार
उद्या अखजी. कोसभर आलो. पेडल खाली गेलं, वर येईना. हातानं ओढलं. शिव्या देल्या. इंजिन गर्जून राह्यलं, चाक हालत नाई. तेलाचा दोष नाई, ऊन लय आहे. पळसाखाली बसलो. थंड झाली की निघतो.

दिवस कलताना
थंड झाली. निघाली नाई. तिकडे पोरगी वाट पाहत असन.

३ मे
अखजी झाली. परवा तिन्हीसांजेले वाशिमकडून धमनी आली. उकंडराव! सोजरनं आदल्या दिवशीच गुपचूप धाडला होता. त्यानं व्याह्यांना सांगतलं म्हणे, बाप मोटारीतून येऊन राह्यले, वाटेतच भेटतीन. व्याही कसे काय मानले, कोण जाणे.

मी पाहून न पाह्यल्यासारखं केलं. रंगू धमनीतून खाली उतरली, येऊन माझ्या बाजूले बसली. उकंडरावनं बैल मोटारीले जुंपले. रंगू म्हणे, बाबा, हॉर्न वाजवा. वाजवला. सगळं गाव बाहेर आलं. स्टिअरिंग मी शेवटपर्यंत सोडलं नाई. म्हणजे पोरगी माझ्याच मोटारीत आली, कोणी काही म्हणो.

आज सोजरनं सांगतलं. तिकडे सासू रोज टोमणा मारे, तुझ्या बापाची मोटार निघाली का. पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती, मी येतो का नाई म्हणून. मले एका शब्दानं बोलली नाई. हॉर्न वाजवा म्हणे.

रंगूले पोचवायले धमनीनंच जाऊ. मी हाकीन.