बरा होऊन खोटं पाडतो

३ फेब्रुवारी
हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. शिडीवरून पडलो त्याला दोन वर्षं झाली, कंबर ठणकतेच आहे. त्याने नवा एमआरआय उजेडात धरला. म्हणाला, "सगळं भरून आलंय. उत्तम!" उत्तम? कंबर काय त्याच्या बापाची? वर मानसोपचाराच्या बाईंच्या नावाने चिठ्ठी दिली. म्हणजे मी वेडा. चिठ्ठी बायकोने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

७ फेब्रुवारी
बाईंकडे गेलो. (बायकोने नेलं.) म्हणाल्या, दुखणं खरंच आहे, पण आग विझली तरी मेंदूतला अलार्म वाजतच राहिलाय. मी म्हटलं, आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं, अलार्म मला शिकवू नका. बाईंनी विचारलं, घरात काही ताण? म्हटलं, अजिबात नाही. बायको खिडकीबाहेर बघत होती.
उपाय काय, तर रोज थोडं चाला, दुखण्याबद्दल कमी बोला.
ठरलं. महिन्याभरात ठणठणीत बरा होऊन बाईंना खोटं पाडतो.

८ फेब्रुवारी
चाललो नाही. बूट घालायला वाकावं लागतं, हे बाईंच्या मेंदूत कसं येणार? दुखण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त मुलीला फोनवर सांगितलं. आणि मेहुण्याला.

१५ फेब्रुवारी
कंपनीचा फोन. माझ्या जागी सुपरवायझर म्हणून दाढीला (माझ्या हाताखालचा दाढीवाला पोरगा, सगळे दाढीच म्हणतात) घेतलं. दाढीला! त्याला पाना धरायला मी शिकवलं. फोन ठेवला आणि असा सणका आला की खालीच बसलो. बायको म्हणाली, "बघा, बातमीने दुखलं." मूर्खपणा. हवा बदलली आहे.

२२ फेब्रुवारी
वरच्या मजल्यावरच्याने जिन्यात जुनं लोखंडी कपाट आणून ठेवलं. हलव म्हटलं तर म्हणतो, "तुम्ही दुखणेकरी माणूस, पडून राहा ना." डोकंच फिरलं. कपाट एकट्याने खाली उतरवलं, फुटपाथवर नेऊन आपटलं. वळलो तर बायको पिशव्या घेऊन उभी. म्हणाली, "कंबर?"
त्याच क्षणी दुखायला लागली! आता हिने मुद्दाम नाही केलं तर काय?

२३ फेब्रुवारी
जेवताना बायको म्हणाली, "दोन वर्षं तुमचे मोजे मी चढवतेय." मी म्हटलं, उपकार मोजतेस? "नाही. दुखतं ते खरंय. पण त्याच्याशी संसार आता तुम्ही करा. मला नाही जमत."
आमटी अळणी होती. तसं सांगितलं.

२ मार्च
बायको मुलीकडे गेली. परत कधी येणार विचारलं तर "बघू." बरंच झालं. घर शांत, मेंदू शांत. बाईंना फोन करून सुनावलं, तुमची ट्रीटमेंट फेल आहे. त्या म्हणाल्या, "कधीही या." हट्टी बाई.

६ मार्च
उठताना सणका आला. मोठ्याने कण्हलो. मग आठवलं, घरात कोणी नाही. जरा थांबून पुन्हा कण्हलो, या वेळी दाराकडे तोंड करून.