अंगठ्याच्या उजवीकडचा पट्टा

८ सप्टेंबर, सोमवार

गडगडगडगड — आणि मग टक्!

शहाबादी फरशीवरून गोटी घरंगळत जाऊन भिंतीला लागल्याचा आवाज. अनगोळच्या मराठी शाळेतला, पासष्ट वर्षांपूर्वीचा. कवितेचा तास. गुरुजी डोळे मिटून भुजंगप्रयाताची चाल धरतायत, आम्ही मागून लगागा लगागा — आणि कुणाच्या तरी खिशातून गोटी सुटली. गुरुजींनी डोळे उघडले नाहीत. नुसता हात वर केला. गोटी थांबेपर्यंत चाल थांबवली आणि जिथं सोडली होती तिथूनच पुढं उचलली! मारलं न्हाय कुणाला.

तोच आवाज आज दुपारी ऐकला. फक्त मोठ्या अंगाचा. रचनानं — आमची लेक — बेंगळूरहून खोकं पाठवलं. गुणाबाई घरकामाला येते, तिनं ते सोप्यात उघडलं आणि आतून एक चेंडू निसटला. सोपाभर लोळत जाऊन देवघराच्या उंबऱ्याला थडकला.

"अगं आई गं! अण्णा, ह्येला डोळं हाईत की वो!"

तीन भोकं आहेत. नारळाला असतात तशी. बोलिंगचा चेंडू म्हणे. बोटं घालून उचलायचा आणि सोडायचा.

खोक्यात बाकी सगळं नीलाचं. दोन स्वेटर, चष्म्याचं घर, फुलपात्र. रचना घर बदलतेय, तिच्याकडं राहिलेलं आईचं सामान इकडं लावून दिलं. नीलाला जाऊन श्रावणात वर्ष झालं.

चेंडू कुणाचा, चिठ्ठी न्हाय.

९ सप्टेंबर, मंगळवार

रचनाचा फोन. "आईचाच आहे तो, अण्णा! सोसायटीतल्या बायका गुरुवारी सकाळी जायच्या, त्यांच्यात जायची. बोटांचं माप देऊन भोकं पाडून घेतली होती तिनं."

"तू बघितलंस तिला टाकताना?"

"मी कुठली बघतेय? मी ऑफिसात."

नीला! बोलिंग! सहावारी नेसून!

थंडीत चार महिने लेकीकडं राहायची. मला तिथं करमत नाही, मी इथंच. संध्याकाळी फोन यायचा. मी विचारायचो, आज काय केलंस? म्हणायची, "काय न्हाय, चेंडू टाकला." मी समजायचो, नातवाला खेळवलं असेल. मग मी तिला सकाळी आठवलेली एखादी कविता म्हणून दाखवायचो. ती म्हणायची, "पुरं आता, बिल चढतंय." बिल चढायचे दिवस कधीच गेले होते.

१० सप्टेंबर, बुधवार

उजेडात नीट बघितला. गर्द निळा, आत लाल भोवरे. वरचं पाणी पार गेलेलं, पिठात लोळवल्यासारखा भुरका. आणि अंगाभोवती बारीक ओरखड्यांचा एक गोल पट्टा — बोटभर रुंद.

जन्मभर उद्यमबागेतल्या कारखान्यात इंजिनाचे क्रँकशाफ्ट घासले. कुठं घासलंय ते बघून कसं फिरलंय ते कळतं. चेंडू दर वेळी याच पट्ट्यावर लोळला आहे. शिकाऊ माणसाचे ओरखडे चारी अंगाला पांगले असते. हे सगळे एका जागी. म्हणजे दर गुरुवारी हात तसाच सुटायचा, तेवढाच वळायचा. नीलाचा हात इतका पक्का होता!

ठरवलं — चेंडू साफ करायचा, चकचकीत करायचा, पण पट्टा राखायचा. पट्ट्याला घासायचा कागद लावायचा न्हाय.

घरात तिच्या हाताचं दुसरं काय उरलंय? लोणचं संपलं. लिहायची तर नाहीच. अक्षर वाकडं म्हणून सहीला सुद्धा लाजायची. रांगोळी तेवढी सुरेख. ती पण पहाटे, आम्ही उठायच्या आत काढून मोकळी! मला दिसायची ती पुरी झालेलीच. सत्तेचाळीस वर्षांत काढताना कधी बघितली न्हाय.

११ सप्टेंबर, गुरुवार

बादलीत कोमट पाणी, भांड्यांचा साबण. भोकांत चिंध्या कोंबून चेंडू आत बुडवला. थोड्या वेळानं पाण्यावर तेलाचा तवंग. त्या खेळाच्या लाकडी वाटेला तेल लावतात, ते चेंडू पितो असं दिसतंय.

गुणाबाई: "घाम फुटलाय ह्येला. ताप उतरला म्हणायचा."

तीन वेळा पाणी बदललं. मग पुसून मांडीवर घेऊन बसलो. उजव्या हाताची बोटं घालून बघितली — जात नाहीत. माझी बोटं भेंडीची न्हवेत, काकडीची. पण कसंतरीच वाटलं. नुसतं लहान न्हवे. बसतच न्हाय हातात. उलटा सदरा घातल्यासारखं.

१५ सप्टेंबर, सोमवार

अविधवा नवमी. नीलाचं पान ठेवलं. गुणाबाईनं वड्या, खीर केली. "वैनींना आंबटगोड लागतंय," म्हणून आमटीत गूळ जास्त घातला. 'लागतंय' म्हणाली, 'लागायचं' म्हणाली नाही.

कणकुंबीला फोन केला. आक्का — मालुबाई, नीलाची थोरली बहीण — ऐकू कमी येतं, गुडघे गेलेत. बाराव्याला सुद्धा आली न्हवती. ओरडून ओरडून सांगितलं, आज नीलाचं पान ठेवलं. तिकडून म्हणाली, "पाऊस लई हाय!" ठेवला.

१७ सप्टेंबर, बुधवार

नव्या मॉलमध्ये बोलिंग आहे असं कळलं म्हणून रिक्षानं गेलो. चेंडू भाजीच्या पिशवीत. रिक्षावाला म्हणाला, "अज्जा, कलिंगड आत्ता कुठं मिळालं?"

तिथं सौरव म्हणून पोरगा — येळ्ळूरचाच, मराठी बोलला. चेंडू हातात घेतला, फिरवला.

"आजोबा, हा डावऱ्या माणसाचा आहे."

"कशावरनं?"

"हे बघा की. अंगठ्याचं भोक खाली धरा. घासलेला पट्टा उजवीकडं आलाय. उजव्या हातानं टाकणाऱ्याचा डावीकडं पडतो. आणि बोटांची भोकं पण डाव्या हाताच्या मापानं पाडल्यात."

डाव्या हातात धरून बघितला. बोटं आत गेली नाहीत, पण हात त्यावर बसला. व्हय. पोरगा बरोबर.

नीला उजवी. जेवायला उजवी, विळीवर उजवी, सही उजवी. तिचा चेंडू हा न्हवे.

पोरगा म्हणाला, "डावऱ्या बायका येतात अधनंमधनं, त्यांच्या मापाचा बॉल आमच्याकडं न्हाय. तुम्हाला नको असला तर इथं ठेवा. फक्त वरनं सगळा एकसारखा घासून आणा. असा पट्टा पडलेला सरळ जात न्हाय."

येताना पिशवी जड लागली. जाताना लागली न्हवती.

१८ सप्टेंबर, गुरुवार

रचना: "डावखुऱ्याचा? मग अदलाबदल झाली असणार, अण्णा. त्यांच्या बॅगा सगळ्या एकसारख्या होत्या. विचारते त्या बायकांना."

आईच्या डाव्या-उजव्याचं तिला काही वेगळं आठवत नाही. मलाही नाही.

म्हणजे कुणा परक्या बाईला साबण लावून न्हाऊ घातलं!

२० सप्टेंबर, शनिवार

काही न्हाय. पाऊस. चेंडू टीपॉयखाली.

२४ सप्टेंबर, बुधवार

रचनाचा निरोप — त्या गटातल्या दोघी मुलांकडं परदेशी गेल्या, एकीचा नंबर लागत न्हाय. गट मोडला. "सोडून द्या अण्णा, तुम्ही कशाला जिवाला लावून घेताय?"

लावून घेत न्हाय. फक्त नीलाचा चेंडू बेंगळुरात कुणाच्या तरी माळ्यावर पडला असेल, आणि त्याच्यावरही असाच पट्टा असेल. डावीकडं.

हरिभाऊकडं गेलो. आम्ही एकाच कारखान्यात घासायला होतो. नंतर त्यानं उद्यमबागेत स्वतःची शेड टाकली. आता पोरगं म्हणतंय बंद करा. खंडेनवमीला मशीनची शेवटची पूजा, दसरा झाला की विकणार.

चेंडू बघून म्हणाला, "आयला नागोजी! म्हातारपणी गोट्या खेळाय लागलास व्हय रं?"

"घासून द्यायचाय."

"मग शुक्रवारी ये. शनिवारपास्नं मशीन धुवाय काढणार. नंतर न्हाय म्हणजे न्हाय."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

केलं.

दोन रबरी वाट्यांच्या मध्ये चेंडू धरला. हरिभाऊनं चाक एकदम सोडलं, मी ओरडलो — "हळू! लोखंड न्हवे ते, जळंल!" पाणी सोडत पाचशेचा कागद लावला. मशीनचा तोच जुना हुंकार — लगागा लगागा लगागा लगागा. तरुणपणी याच तालावर अख्ख्या कविता म्हणायचो, आठ तास. आजही ओठ हलले असणार.

"कविता म्हणू नगस रं! मशीन लाजून बंद पडतंय."

"तुझं मशीन चौथी पास तरी हाय का?"

"माझं मशीन तुझ्यापेक्षा जास्त शिकलंय. तू सातवीत गणितात पडलावतास."

चारी अंगांनी फिरवून घ्यायचं होतं. पट्टा वर आला तेव्हा हात थोडा थांबला. कुणाचा का असेना, हात पक्का होता. बाई असणार, भोकं लहान आहेत. गुरुवार गुरुवार येऊन एकाच रेघेवर चेंडू सोडणारी कुणी बाई. तिला कुणी घरी विचारलं असेल का, आज काय केलंस म्हणून?

हरिभाऊ: "काय झालं?"

"काय न्हाय." कागद टेकवला.

पहिल्या कागदाला पट्टा फिकट झाला. दुसऱ्याला गेला. मग बारीक, त्याहून बारीक, शेवटी कापडी बफ आणि मेण. निळा रंग विहिरीच्या पाण्यासारखा खोल निघाला, लाल भोवरे तळाशी. हरिभाऊनं चष्मा कपाळावर चढवला, चेंडू तिरपा करून ट्यूबलाइटखाली फिरवला. कुठं रेघ, कुठं डाग. सापडलं न्हाय.

"काम चोख," म्हणाला. हे तो कुणाला म्हणत न्हाय. मला पूर्वी एकदा म्हणाला होता.

मग त्यानं मशीन बंद केलं. हुंकार खाली खाली जात थांबला. आम्ही दोघं बसून राहिलो. त्यानं चहा सांगितला.

२७ सप्टेंबर, शनिवार

सौरवला कळवलं. दसऱ्यानंतर शुक्रवारी चेंडू नेऊन देतो.

दिवसभर तो खिडकीत होता. ऊन पडलं की छतावर निळा कवडसा. असं काम बऱ्याच वर्षांत झालं न्हवतं. समाधान आहे. दुसरं काही न्हाय.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. पाटावर माझे पाने, मायक्रोमीटर, कानशी. आंघोळ करून आलो तर त्यांच्या मधोमध चेंडू! हळदकुंकू लावलेला, तिन्ही भोकांत झेंडूची फुलं.

"गुणाबाई, हे हत्यार न्हवे गं."

"मग काय द्येव हाय?"

"खेळायचा गोळा आहे. परक्याचा."

"आलाय न्हवं घरात? मग एक दिवस बसूं द्या की. उद्या-परवा जाणारच हाय."

बसू दिला. हरिभाऊकडं मशीनच्या शेवटच्या पूजेला जाऊन आलो. त्यानं नारळ फोडला. मला कविता म्हण म्हणाला — तो! मला एकही ओळ आठवली न्हाय.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

संध्याकाळी सोनं द्यायला शेजारीपाजारी. शेवटी अंधार पडताना कडी वाजली. दारात आक्का! कणकुंबीहून, वडापच्या जीपमधून, दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून. "नीलीच्या घरी एकदा बसून जावावं म्हटलं," म्हणाली.

खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. तिची नजर पाटाकडं. "ह्ये काय वो, पावणं?"

कानाशी जाऊन सांगितलं — नीलाचा म्हणून बेंगळूरहून आला, पण कुणा डावऱ्या बाईचा निघाला. घासून पुसून ठेवलाय, उद्या देऊन टाकणार.

आक्का म्हणाली,

"नीली डावरीच की वो. आमच्या आबानं डावा हात कमरंला बांधून जेवाय बसवलं, लिवाय बसवलं. आईनं शपथ घातलीवती, सासरी कुणाला कळूं देऊ नगस. रांगोळी तेवढी डाव्यानं काढायची — कुणी उठायच्या आदी."

ती झोपल्यावर भोकांतली फुलं काढली. कुंकू पुसलं. चेंडू दिव्याखाली तिरपा धरून सगळीकडून फिरवला.

कुठं काही न्हाय. काम चोख झालंय.