समोरची भिंत

५ एप्रिल १९८७, रविवार

तेवढं काढा, म्हणाला! तोंडाने नाही, हनुवटीने.

एजंट बाजीराव सकाळीच आला. चहा घेतला, बिस्किटं संपवली, मग सुरू झाला. घराला रंग द्या. माळ्यावरचं भंगार हलवा. पार्टी यायच्या दिवशी सुकट-बोंबील अजिबात भाजू नका. सगळं ऐकून घेतलं. विकायचं घर म्हणजे दाखवायची मुलगी, पावडर लावूनच बाहेर आणायची. मग त्याने दारासमोरच्या भिंतीकडे हनुवटी केली. बाबासाहेबांच्या फोटोकडे.

"वहिनी, मला काय नाय. धंद्याचं बोलतो. आडनावावरनं कळत नाय तुमचं. पण दार उघडलं की पहिलं तेच दिसतं. आधीच्या पार्ट्या दारातनंच फिरल्या ना?"

फिरल्या. त्यातली एक बाई तर पाणीसुद्धा प्यायली नाही. तहान नाही म्हणाली — एप्रिलच्या उन्हात!

मी म्हणाले, "बरं."

एरवी मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. सुट्ट्या पैशांवरून बसच्या कंडक्टरला रडवते. आणि इथे — बरं!

७ एप्रिल

रंगारी येऊन गेला. फोटो काढताना चंदाने विचारलं, "आई, का काढतेस?" रंग उडेल म्हणून, म्हटलं. आठ वर्षांची पोर, तिला पटलं. रंग वाळला तरी फोटो ट्रंकेतच आहे. माझ्या लग्नातल्या साडीत गुंडाळून ठेवलाय. साडी चांगली आहे म्हणजे पाप कमी, असं काहीतरी मनात असणार.

ही जागा मिळाली तेव्हा भांडी यायच्या आधी हा फोटो आला होता. सासूबाईंनी स्वतः छातीशी धरून बसमधून आणला. खिळाही त्यांनीच धरला होता, ह्यांनी ठोकला. तो खिळा आज रंगाऱ्याने उपटला, भोक लांबी भरून बुजवलं. काही कळतसुद्धा नाही आता.

सासूबाईंनी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

९ एप्रिल

बाजीराव पुन्हा! रंग पसंत. पण — "रिकामी भिंत डोळ्यात येते, वहिनी. पब्लिक विचार करतं. एखादा देव लावून टाका ना. टेन्शनच नाय."

शेजारच्या काशीकडे गेले. काशी दिवाळे गावची कोळीण, तिचे भाऊ अजून होडीवर जातात. तिच्याकडे गणपतीचे दोन फोटो आहेत. मागितला एक.

"तुला कनाला पायजे गो गनपती?" ती हसली. मी खाली मान घालून उभी. मग तिचं हसू गेलं. पदराने काच पुसली आणि दिला. "नीट लाव हां. देव हाय तो." मला वाटलं आता भुईत गडप व्हावं. माझ्या फोटोची लाज, आणि तिच्या देवाचा अपमान. दोन्हीकडची चोर झाले!

नवा खिळा मीच ठोकला. सासूबाई भिंतीकडे पाठ करून जेवल्या. हात धुताना म्हणाल्या, "तुज्या सासऱ्यानं छप्पन साली घरातले देव गोदावरीत सोडले. मागं वळूनबी न्हाई बघितलं." बस, एवढंच.

मी तरी काय करू? ह्यांची कंपनी तुर्भ्याहून औरंगाबादला गेली, हेही गेले. कुणाच्या तरी खोलीत पथारी टाकून राहतात. हे घर विकेल तेव्हा तिथे घर. जूनला चंदाची शाळा सुरू होईल. तोवर गिऱ्हाईक मिळालं नाही तर आम्ही इथे, हे तिथे, आणखी एक वर्ष. मागच्या खेपेला आले तेव्हा शर्टाच्या कॉलरी काळ्या होत्या. असं सगळं मी स्वतःला सांगते. सांगून झालं की पुन्हा भिंत दिसते.

११ एप्रिल

उद्या पार्टी. चंदाला शिकवलं — पाहुणे आले की नमस्कार म्हणायचं. "जयभीम नाही?" "नाही. नमस्कार." तीनदा म्हणवून घेतलं. शाळेच्या कवितेसारखं.

१२ एप्रिल, रविवार

आले. नवरा-बायको, माझ्याच वयाचे. साधे, स्वच्छ. सासूबाईंना मी आधीच काशीकडे पाठवलं होतं. त्या दूधवाल्यालासुद्धा जयभीम घालतात, त्यांचा काय भरवसा!

चंदा ठरल्याप्रमाणे पुढे झाली. "नमस्कार काकू, नमस्कार काका." बाईने तिच्या गालाला हात लावला. पाणी प्यायली, पेला पूर्ण रिकामा केला. मला किती बरं वाटलं ते मलाच माहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीत बराच वेळ उभी होती. "इथून वारा छान येतो हो," म्हणाली. घर आवडलं, दिसत होतंच.

गणपतीकडे मात्र तिने दोनदा पाहिलं. मग हळूच विचारलं, "बिल्डिंगमधली माणसं कशी आहेत? कुणाला त्रास वगैरे...?"

मी म्हणाले, "छे हो! इथे सगळे चांगल्या घरचे."

हे माझ्या तोंडून निघालं! ट्रंकेत बाबासाहेब, शेजारी सासू लपवलेली, आणि मी म्हणते चांगल्या घरचे. बाईचा चेहरा उतरला. उन्हाने असेल. "कळवतो," म्हणाले आणि लगेच निघाले.

सासूबाई परत आल्या. चप्पल काढता काढता म्हणाल्या, "फोटूसंगं मलाबी पेटीत ठिवायची हुतीस." मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

१३ एप्रिल

पार्टी नको म्हणाली. बाजीराव डोकं खाजवत होता — "घर पसंत, भाव पसंत. मग नाय का म्हणतात, समजत नाय." दुसरी पार्टी उद्या पाच वाजता आणतो म्हणाला. सुट्टी आहे ना. कसली सुट्टी, ते मी त्याला सांगितलं नाही. त्यानेही म्हटलं नाही.

१४ एप्रिल

जयंती. सासूबाई पांढरं लुगडं नेसून, चंदाला घेऊन मैदानावर गेल्या. जाताना ट्रंकेपाशी थांबल्या, झाकणावर हात ठेवला, कपाळाला लावला. मला "चल" म्हणाल्या नाहीत.

मी घरात. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. बँड ऐकू येतोय, लाऊडस्पीकरवर कुणीतरी नावं पुकारतंय. मी नवी चादर घालून, उदबत्ती लावून गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेय. साडेसहा झाले. कुणी आलं नाही.

१४ एप्रिल, दिवेलागण

चंदा आली. हातात निळा झेंडा, तोंडाला लाडूचा चुरा.

"आई, रविवारच्या त्या काकू होत्या तिथे! पांढऱ्या साडीत. काकांच्या खांद्यावर झेंडा होता. त्यांनी मला लगेच ओळखलं. म्हणाल्या, जयभीम बाळा, तू इथे कशी?"

आपलीच माणसं. घर आवडलेली. भिंतीवरचा देव बघून आणि माझं बोलणं ऐकून घाबरून गेलेली. पाणी पूर्ण प्यायलेली.

विचारू नये ते विचारलं. "मग तू काय म्हणालीस?"

"तू शिकवलंस तेच," ती म्हणाली. "नमस्कार."