अनिकाची शाळा: दहा, आठ की सहा?

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

तीन शाळा! एकाच डिस्ट्रिक्टमधल्या, तिन्ही सरकारी, तिन्ही वीस मिनिटांच्या आत. जूनमध्ये अपार्टमेंटचं लीज संपतंय. इथे अमेरिकेत ज्या शाळेच्या हद्दीत घर भाड्याने घेऊ, तीच शाळा अनिकाला मिळणार. म्हणजे आधी शाळा, मग घर!

अनिकाला डेकेअरला सोडलं आणि एक्सेल उघडली. वेबसाइटवरचं रेटिंग — ऑल्डर पॉइंट दहापैकी दहा, मेपल ग्लेन आठ, फर्न हॉलो सहा. मग कॉलम पाडले. टेस्टचे स्कोअर, वर्गात मुलं किती, लायब्ररी, बस. शेवटचा कॉलम माझा — 'कान'. दीड वर्षाची असल्यापासून पोरीच्या दोन्ही कानांत ऐकण्याचं मशीन आहे, पण त्याबद्दल वेबसाइटवर एक शब्द नाही. तो कॉलम रिकामाच राहिला.

१६ जानेवारी

नीनाताईंचा फोन. त्यांचे यजमान शैलेंद्र माझ्या नवऱ्याचे, श्रीरामचे, ऑफिसातले सीनियर, दोन्ही मुलं ऑल्डर पॉइंटला शिकली. "दहाच्या खाली बघूच नकोस यार! घर लहान मिळालं तरी चालेल."

श्रीरामही तेच म्हणतो. "तिला एक गोष्ट आधीच कमी मिळालीये, रुपाली. शाळा तरी सगळ्यात वरची देऊ." आणि खरं सांगायचं तर दहा मलाही आवडतो. नागपूरला सगळं शिक्षण पहिल्या नंबरामागे धावण्यातच गेलं!

२३ जानेवारी

ऑल्डर पॉइंट पाहिली. काय शाळा आहे! लायब्ररी दुमजली. तिसरीतली मुलं रोबोट चालवतात!! मी मनात घराचे पडदेसुद्धा निवडून टाकले.

मग कॅफेटेरिया. उंच छत, दोनशे मुलं, ट्रे आपटतायत. अनिकाने दोन्ही मशीन काढून माझ्या तळहातावर ठेवली. "आई, इट्स टू लाउड." पुढची अर्धी टूर ती तशीच फिरली, माझं बोट धरून, सगळ्यांकडे बघून हसत. प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, किती गोड, शांत मुलगी!

शांत? घरी ही एक मिनिट तोंड बंद ठेवत नाही.

२९ जानेवारी

मेपल ग्लेन. स्वच्छ, छान. पण टीचर सारख्या फळ्याकडे तोंड करून बोलत होत्या. अनिका ओठ बघते. पाठीला कुठे ओठ असतात?

५ फेब्रुवारी

कुठून सुरुवात करू!

फर्न हॉलोला केवळ यादी पुरी करायची म्हणून गेले होते. इमारत जुनी, पार्किंगला जागा नाही. वर्गात शिरले तर — खाली जाड कार्पेट, खुर्च्यांच्या पायांना टेनिसचे बॉल खोचलेले. का? तर सरकवताना खरखर होऊ नये म्हणून! डिस्ट्रिक्टमधली कमी ऐकू येणारी बरीचशी मुलं इथेच असतात. त्यांच्यासाठी वेगळ्या टीचर आहेत, मिस डॉनेली. हे मला कुठल्याही वेबसाइटने सांगितलं नाही.

त्यांनी अनिकाचे कान पाहिले. खाली मांडी घालून बसल्या, तिला विचारून स्वतःच्या गळ्यातला छोटा माइक तिच्या मशीनला जोडला. मग वर्गाच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या, आमच्याकडे पाठ केली आणि काहीतरी पुटपुटल्या. मला ऐकू आलं नाही.

अनिका उडालीच. "आई! शी सेड दे हॅव अ टर्टल!!"

मी वाकून बुटाची नाडी बांधत बसले. नाडी सुटलेली नव्हती.

६ फेब्रुवारी

श्रीरामशी भांडण. "सहा, रुपाली! सहा!"

"ते परीक्षांच्या मार्कांवरून देतात. तिला बोललेलं ऐकू येईल का, यावर नाही देत."

"लोक काय —" इथे तो स्वतःच थांबला.

"एकदा येऊन बघ. मग तू म्हणशील तिथे घर घेऊ."

बोलून बसले खरी. आता धाकधूक!

१२ फेब्रुवारी

श्रीरामने अर्धी सुट्टी टाकली! मिस डॉनेलींनी अनिकाला तासभर वर्गात बसवून घेतलं, आम्ही मागे उभे. तिने हात वर केला. एकदा नाही, तीनदा! तिसऱ्या वेळी साफ चुकलं, सगळी हसली, ती सगळ्यांत जास्त.

गाडीत श्रीराम किल्ली हातात धरून बसून राहिला. मग म्हणाला, "डेकेअरच्या टीचर म्हणतात, ती कधी हातच वर करत नाही."

"हो."

"इथे चुकीचं उत्तर द्यायलासुद्धा केला!" चष्मा पुसला. "चल, घरं बघायला लागू."

२८ फेब्रुवारी

टाउनहाउस मिळालं! दोन बेडरूम, शाळा चालत नऊ मिनिटं. नीनाताई म्हणाल्या, "पस्तावशील हं." बघू!

३ सप्टेंबर

शाळेचा पहिला दिवस. मागे वळूनही पाहिलं नाही कार्टीने! मी मात्र गेटवर वीस मिनिटं.

१९ सप्टेंबर

शाळा सुटताना अनिकाची नवी मैत्रीण जोसी भेटली. तिला अजिबात ऐकू येत नाही, ती हातांनी बोलते. आणि आमची पोरगीही दोन आठवड्यांत तिच्याशी हातांनी भराभर गप्पा मारतेय! जोसी माझ्याकडे वळली, हातांनी काहीतरी विचारलं. मला काही म्हणता काही कळलं नाही. अनिकाच मध्ये पडली, बोटं नाचवून तिला काहीतरी सांगितलं.

"काय सांगितलंस गं?"

"की माझ्या आईला अजून समजत नाही. बट शी इज लर्निंग."

घरी येऊन पर्सही न ठेवता पालकांच्या साइन लँग्वेज वर्गात नाव घातलं. आधी माझं, मग श्रीरामचं.