मुक्या जादूगाराचा नियम

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायची डॉक्टरांनी बंदी घातली आहे, म्हणून पत्र. घशातली गाठ साधी नाही निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. २३ तारीख दिली होती, मी महिनाभर पुढची मागितली आहे.

कारण ऐकून तू कपाळावर हात मारशील. दर शनिवारी दुकान बंद केलं की चष्म्याची भिंगं घासायच्या टेबलावर आम्ही जो डाव मांडतो, तो अकरा वर्षांनी शेवटाला आलाय. शिंपी, नर्सबाई आणि वायरमन, तिघांचं एकेक पात्र. मी सूत्रधार. समोर कोणता राक्षस आला, कुणाचा मंत्र लागला, कुणाचा फसला, हे सगळं मी तोंडानं उभं करतो. शेवटची लढाई चार शनिवार चालेल. ती झाली की लगेच ऑपरेशन. बायकोनं, तुझ्या लाडक्या धाकटीनं, माझ्याशी अबोला धरलाय. तू तरी धरू नकोस.

कळावे. राग येईलच, पण त्याच्या खाली माया असू दे.

तुझा
बंड्या

५ मार्च

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद. खरं तर दोन धपाटे द्यायला हवेत, पण माझा पाय प्लॅस्टरमध्ये आहे आणि तू अडीचशे मैलांवर.

धाकटीचं पत्र तुझ्या आधी आलं. डॉक्टर काय म्हणाले हे तू मला अर्धंच लिहिलंस. महिनाभर थांबलात तर गाठ मानेत उतरेल, मग आमच्या हातात काही नाही, असं ते स्वच्छ म्हणाले. पन्नाशीला आलेला माणूस राक्षसांसाठी जीव टांगणीला लावतो, हे मी कुणाला सांगू? शेजारणीला सांगितलं तर तिला वाटेल माझ्याच डोक्याला मार बसलाय.

तेव्हा असं कर. तुझे नियम मला शिकव. सत्तावीस वर्षं मी डेपोत बसून गाड्यांची वेळापत्रकं लावली, तुझे चार राक्षस मला जड नाहीत. प्लॅस्टर निघालं की मी येते आणि लढाई मी सांगते. तू २३ला आत जा.

कळावे. माझे आशीर्वाद ऑपरेशनला घाबरणाऱ्यालाही लागू आहेत.

तुझी
ताई

८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हट्टी तर हट्टी. नियमांची वही पार्सलनं पाठवली आहे. थोडक्यात सांगतो. प्रत्येक जादूगाराला दिवसाला दहा बळ मिळतं. दिवा लावायचा मंत्र एक बळ खातो, जखम भरायचा तीन, मेलेल्याशी बोलायचा सगळंच्या सगळं. झोप झाली की बळ पुन्हा भरतं. मंत्र म्हटला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा तर मंत्र पक्का, एक पडला तर म्हणणाऱ्यावरच उलटतो.

शिंपीदादांचं पात्र पहिलवान आहे, त्यांना जादू वर्ज्य. नर्सबाई दिवसभर लोकांना मलमपट्टी करतात आणि शनिवारी गावंच्या गावं जाळतात. वायरमनच्या चोराला अंधारात दिसतं. सूत्रधारानं कुणाला झुकतं माप द्यायचं नाही, एवढंच मुख्य.

तू शिकशील, पण २३चं मी अजून कबूल केलेलं नाही. गळा आता पाणी गिळतानाही दुखतो. हे धाकटीला कळवू नकोस.

कळावे. विश्वास ढळू देऊ नकोस.

बंड्या

१२ मार्च

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

वही पालथी घातली. परीक्षा घे हवी तर. बळ संपल्यावर जखम भरायची असेल तर जादूगाराला स्वतःच्या अंगातलं रक्त द्यावं लागतं, आणि पाण्याखाली आगीचा मंत्र अर्धाच लागतो. पाठ आहे सगळं. पाणी गिळतानाचं मी धाकटीला लगेच कळवलं. माझ्याकडून असल्या गोष्टी लपवून घ्यायच्या नाहीत.

आता एक विचारते. शेवटच्या पानावर नियम आहे: ज्या जादूगाराचा आवाज कायमचा गेला, तो मेल्यात जमा, त्यानं टेबलावरून उठावं. बाकी नियम निळ्या शाईत, हा काळ्या. डावाच्या नोंदीत तुमच्यातल्या चौथ्याच्या, तुझ्या त्या बेकरीवाल्या मित्राच्या, जादूगाराचा आवाज राक्षसानं हिरावला, ती तारीख सहा वर्षांपूर्वीची, ९ ऑगस्ट. या नियमाखाली तारीख आहे १५ ऑगस्ट. वेळापत्रकात मागाहून घुसवलेली गाडी मला लांबून ओळखू येते, बंड्या. त्या दिवसानंतर बेकरीवाल्याची एकही नोंद नाही. तुम्ही तर एका ताटात जेवणारे. काय झालं होतं?

रात्रंदिवस तुझाच विचार आहे. उत्तर टाळू नकोस.

ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू डेपोत होतीस की पोलिसात? सांगतो.

तो म्हणाला, आवाज गेला तरी माझा जादूगार हातवारे करून मंत्र टाकेल. मी नाही म्हटलं. त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, कोणत्या नियमानं? नियम नव्हताच. मला ते झोंबलं. पुढच्या खेपेला मी वहीत लिहूनच आणलं आणि वाचून दाखवलं. वर हसून म्हणालो की मुका जादूगार टेबलावर काय कामाचा, नुसती खुर्ची अडवणार. तो उठला. त्याच्या जादूगाराचा कागद तिथंच ठेवून गेला. सहा वर्षं दुकानावरून जातो, मान वळवत नाही.

ताई, डॉक्टरांनी आवाज जाणार म्हणून सांगितलं, तेव्हा मला मरण आठवलं नाही. माझंच ते वाक्य आठवलं. चार शनिवार मागितले ते लढाईसाठी नाहीत, खोटं बोललो. मला त्या टेबलावर आणखी चार वेळा माणूस म्हणून बसायचं होतं. त्यानंतर कोणत्या तोंडानं बसू? मला भीती वाटते. दया येऊन नियम खोडू नकोस, तेवढं माझ्यासाठी कर.

लोभ कमी झाला तर तसं लिही. चालेल मला.

बंड्या

१८ मार्च

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

लोभ कमी करायला मला वेळ नाही. हॉस्पिटलला २०च्या संध्याकाळपर्यंत होकार हवा आहे, नाहीतर खाट दुसऱ्याला जाईल, असं धाकटी लिहिते. हे पत्र जलद टपालानं टाकते आहे.

मी काही खोडत नाही. अक्षर तुझं आहे, नियम तू घातलास, तोही एका माणसाला हरवायला. आता त्याच नियमाखाली स्वतःला गाडून घेतोस आणि त्याला न्याय म्हणतोस. हा न्याय नाही, ही ऐट आहे. तू मेलास तर बेकरीवाल्याची भरपाई होणार आहे का? धाकटीनं काय गुन्हा केलाय? मला आईबापांनंतर तू एकटा उरलास. मी तुला गमावणार नाही, असल्या कारणासाठी तर नाहीच नाही.

होकार दे. आणि त्याला बोलाव. तुझ्या तोंडात आवाज आहे तोवर बोलाव.

वाट पाहते.

ताई

२३ मार्च

ती. ताईंना,
शि. सा. न.

ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. तुमचं पत्र २०ला दुपारी आलं. यांनी ते दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, कळव हॉस्पिटलला, येतो म्हणून. मग म्हणाले, बेकरीत जाऊन ये.

मी गेले. बेकरीवाले कणीक मळत होते. मी सगळं सांगितलं, कुठली शस्त्रक्रिया, काय जाणार, ते भेटायला बोलावताहेत. त्यांनी हातही थांबवला नाही. मी तशीच परत आले. शनिवारी यांना दाखल केलं, तोही दिवस गेला. हे दाराकडे बघत राहायचे आणि मी पाहिलं की पाठ फिरवायचे.

काल संध्याकाळी भेटीची वेळ संपता संपता ते आले. मनगटाला पीठ तसंच. खाटेपासून चार हात लांब उभे राहिले. यांच्याजवळ पाटी होती, लिहिता आलं असतं. पण यांनी पाटी बाजूला ठेवली, उठून बसले आणि फाटक्या आवाजात बोलले, "चुकलं माझं. तुझा जादूगार मेला नव्हता. मी मारला त्याला."

बेकरीवाल्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. मग त्यांनी यांची पाटी उचलून त्यावर काहीतरी लिहिलं, यांनी ते पुसून उत्तर लिहिलं, असं नर्स येऊन हाकलेपर्यंत चाललं. मला वाचू दिलं नाही. आज पहाटेपासून ते माझ्या शेजारी बसून आहेत.

आत्ताच डॉक्टर सांगून गेले. गाठ पूर्ण निघाली, मानेत उतरली नव्हती. जीव भांड्यात पडला, ताई. आता रडू येतंय, म्हणून अक्षर असं.

एक राहिलं. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. या माणसानं मला 'अगं' आणि 'ऐकलंस का' याखेरीज कधी हाक मारली नाही. मीही कधी हट्ट धरला नाही. सकाळी गाडीवरून आत नेत होते, दार लागत होतं. तेवढ्यात यांनी मान उचलली आणि अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असं माझं नाव घेतलं.

तुमचे आशीर्वाद पाठीशी होते, पुढेही हवेत.

तुमची
धाकटी